आधी घर की आधी बाग?

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे माणसं कुठल्या क्रमाने बोलावली जातात ते बघा. आधी आर्किटेक्ट. मग आरसीसीचा हिशोब करणारा इंजिनीअर, मग कंत्राटदार, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, रंगारी. वास्तुशांतीला गुरुजी. आणि हे सगळे येऊन गेल्यावर, पैसे आणि उत्साह दोन्ही संपल्यावर, एक दिवस नर्सरीचा टेम्पो येतो. त्यातून दहाबारा कुंड्या, दोन पाम आणि लॉनच्या गुंडाळ्या उतरतात. त्याला आपण बाग म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाग जाणणारा माणूस आर्किटेक्टबरोबर, त्याच दिवशी, रिकाम्या जागेवर उभा राहायला हवा. दोघांची निवडही एकत्रच करावी. हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं वाटत असेल तर जरा थांबा. आम्ही दोघं पेन्शनर मास्तर आहोत, आमचा बंगला नाही, घर आहे. उलट ज्याच्याकडे पैसा जास्त आहे त्याला फोडून पुन्हा बांधता येतं. आपल्याला एकदाच बांधायचं असतं.

नंदेचा मुलगा कराडजवळ पाच गुंठ्यांवर घर बांधायला काढतोय. "मामी, बागेचं नंतर बघू, आधी प्लॅन पास होऊ दे," असं म्हणाला. तो हा ब्लॉग वाचतो (निदान तसं सांगतो), म्हणून त्याला फोनवर न बोलता इथेच सगळं सविस्तर लिहिते आहे. शिवाय आमच्या घराण्यात आणखी दोन घरं सध्या कागदावर आहेत हे मला ठाऊक आहे.

आमचं दापोली तालुक्यातलं जुनं घर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात गेलं. कौलं उडाली, वासे मोडले, माजघराच्या भिंतीवर माड आडवा झाला. आगरातल्या पोफळी तर काड्यापेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा मोडल्या होत्या. घरात कोणी नव्हतं हे नशीब. मागचा फणस तेवढा फांद्या गमावून उभा राहिला. दोन वर्षांनी, मुलाच्या आणि सुनेच्या आग्रहाने, त्याच बारा गुंठ्यांत नवं घर बांधायचं ठरलं. त्यात राहणार आम्ही दोघं म्हातारे, आणि सुट्टीत बाकीचे.

ते जुनं घर कुणी आखलं होतं? सासऱ्यांचे आजोबा आणि गावातला गवंडी, दोघांनी. त्यांना कोणी वेगळा बागवाला लागला नाही, कारण घर आणि परसदार ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. न्हाणीचं पाणी पन्हळीतून केळींना आणि अळवाला जायचं. पश्चिमेच्या पडवीचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की उंच माणसाने वाकूनच आत यावं, कारण आषाढातला पाऊस वरून नाही, समुद्राच्या बाजूने आडवा येतो. पागोळ्यांखाली चिऱ्यांची ओळ, म्हणजे माती उडून भिंत रंगत नाही. माड घरापासून लांब, आगरात. वादळात पडला तो नंतरच्या पिढीने "जागा रिकामी दिसतेय" म्हणून घराजवळ लावलेला होता! तेव्हाच्या माणसाकडे जे एकत्र होतं ते आता दोन कॉलेजांत आणि दोन पदव्यांत वाटलं गेलं आहे. त्याला इलाज नाही. पण मग त्या दोन पदव्यांची गाठ घालून देणं हे घरमालकाचं काम झालं. ते दुसरं कोणी करत नाही.

आता निवडीबद्दल. आमच्याकडे दोन आर्किटेक्ट आले. पहिल्यांचं नाव सांगत नाही. मोठ्या शहरातले होते, गाडीतून उतरले, पंधरा मिनिटं फिरले, आणि आठ दिवसांत संगणकावरची सुंदर रंगीत चित्रं पाठवली. चित्रात घरापुढे हिरवंगार लॉन होतं आणि त्यावर एक गोरी बाई कॉफी पीत बसली होती. फणस कुठेच नव्हता. त्याच्या जागी गाडीचं छप्पर होतं. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, "काकू, लँडस्केप शेवटच्या टप्प्यात येतं. तेव्हा दुसरा फणस लावू." मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. दुसरा फणस तेवढा व्हायला किती वर्षं लागतील आणि तेव्हा माझं वय काय असेल हा हिशोब मला येतो. शिवाय आंबा आणि फणस ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत, हे त्यांना माझ्याकडून कळावं याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या बाई तालुक्याच्याच. फोनवर म्हणाल्या, "येते, पण पाऊस लागल्यावर येते." जुलैत छत्री घेऊन आल्या आणि तासभर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं तेवढंच बघत फिरल्या. मग मला विचारलं, "तुम्ही सकाळी पहिली कुठे जाऊन उभ्या राहता?" सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी तिथेच मनातल्या मनात निवड करून टाकली, पण ह्यांनी रीतसर सगळं बघितलं, ते योग्यच. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नोंदणी क्रमांक मागावा, संकोच करू नये. डॉक्टरच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट आपण वाचतोच ना? आणि त्यांनी आधी बांधलेली दोन घरं बघून यावी, पण नवी कोरी नव्हेत. पाच पावसाळे काढलेली बघावीत, आणि त्या घरातल्या बाईशी स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं. खरं काय ते तिथे कळतं.

बागेचा माणूस निवडणं याहून अवघड आहे, कारण चार वेगळ्या प्रकारची माणसं एकाच नावाने समोर येतात. पहिला लँडस्केप आर्किटेक्ट. हा आधी आर्किटेक्ट होऊन वर बाहेरच्या जागेचं शिक्षण घेतो. पुण्यात मुलींच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयातही हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. जमिनीचे उतार, पाण्याच्या वाटा, पायऱ्या, भिंती हे त्याचं काम. दुसरा कृषी विद्यापीठातून उद्यानविद्या शिकलेला. त्याला झाड कळतं, माती कळते, रोग कळतात, पण पायरी किती उंच असावी हे विचारू नये. तिसरा नर्सरीवाला. माणूस वाईट नसतो, पण त्याला रोपं विकायची असतात, त्यामुळे त्याच्या आराखड्यात रोपं फार असतात. चौथा माळी किंवा गडी, ज्याच्या हाताला गुण असतो आणि जो शेवटी रोज येणार असतो. शहरातल्या मोठ्या प्लॉटला, उताराच्या जागेला पहिला हवाच. आमच्यासारख्यांना त्याची फी आणि प्रवासखर्च झेपत नाही. मग दुसरा घ्यावा, आणि उतार-पाण्याची समज असलेला आर्किटेक्ट शोधावा. म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. एकत्र निवडा असं मी म्हणते त्याचं कारण हेच. लग्न जमवताना आपण पोरगा वेगळा आणि पोरगी वेगळी पसंत करून मग त्यांची ओळख करून देतो का? (पूर्वी द्यायचे, हे खरं आहे!)

दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ असल्यामुळे आमची सोय झाली. तिथे शिकलेला, आता स्वतःची कलमं करणारा एक मुलगा मिळाला. त्याला मी एकच परीक्षेचा प्रश्न घातला होता: "इथे काय लावू नये?" नर्सरीवाल्याला याचं उत्तर देता आलं नव्हतं. या मुलाने लगेच सांगितलं, "छपराला टेकेल असं काहीही नको. फांदीवरून वानर कौलांवर उडी मारतात, आणि मग दर पावसाळ्यात कौलं बदलत बसाल." आर्किटेक्ट बाई तिथेच होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि पेरूचं झाड, गच्ची आणि स्वयंपाकघराचं छप्पर या तिघांचीही जागा तिथल्या तिथे बदलली. ही एक सूचना वास्तुशांतीनंतर आली असती तर तिचा काय उपयोग होता?

त्या दिवशी दोघं मिळून साडेतीन तास होते. आमच्याकडे तोवर मोजणीचा नकाशा तयार होता, पण त्यात नुसत्या हद्दी. या दोघांनी आधी त्यावर प्रत्येक मोठं झाड, त्याच्या फांद्यांचा घेर, विहीर, गडगा आणि जमिनीची चढउतार मांडून घेतली. हे काम गावातल्याच सर्व्हेअरने केलं. माझ्या मते अख्ख्या घरावरच्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ते.

आणि मग भांडण झालं. चांगलं भांडण होतं. आर्किटेक्ट बाईंना सेप्टिक टँक आणि शोषखड्डा मागे, फणसाच्या बाजूला हवा होता, कारण न्हाणीघरं तिकडे होती. मुलगा म्हणाला, फांद्यांच्या घेराखाली खणलं तर मुळं तुटतील, झाड लगेच मरणार नाही, चारपाच वर्षांत झुरून मरेल आणि एखाद्या वादळात घरावर पडेल. मग शोषखड्डा पूर्वेला? तिकडे विहीर. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब असावा असा दंडक आहे, आणि आमचा जांभा तर चाळणीसारखा, म्हणून त्याहूनही लांब बरा. पुढे? पुढे सूनबाईला अंगण हवं. तासभर कागदावर खडाखोड चालली. शेवटी न्हाणीघरंच दुसऱ्या बाजूला गेली, स्वयंपाकघर फणसाकडे आलं, आणि शोषखड्डा उतारावर खालच्या कोपऱ्यात, केळींच्या वरच्या अंगाला. घराचा नकाशाच फिरला. आधी घर आखून मग बागवाला बोलावला असता तर यातलं काही झालं नसतं. फणस गेला असता, नाही तर विहीर बिघडली असती.

मातीचंही तेच. आमच्याकडे जांभ्यावर माती असते ती जेमतेम दीडदोन फूट, तीसुद्धा पिढ्यांनी शेणखत आणि पालापाचोळा घालून केलेली. पाया खणायला जेसीबी येतो आणि ती माती, खडक, राडारोडा सगळं एकत्र ढवळून ठेवतो. मग बागेसाठी ट्रकने माती विकत आणायची! आमच्या कंत्राटातच कलम घातलं होतं: वरची माती आधी वेगळी काढायची, गडग्याकडेला ढीग करायचा, त्यावर वाळू-खडी टाकायची नाही. फणसाभोवती बांबूचं कुंपण, आत गाडी नाही, सिमेंटचं पाणी नाही. खणून निघालेल्या जांभ्याचा खालच्या उताराला गडगा घातला. कंत्राटदार आधी हसला. पण आर्किटेक्टच्या सहीचं कलम होतं, त्यामुळे हसून का होईना, केलं त्याने.

पाण्याचा हिशोब मी स्वतः मांडून दाखवला. छप्पर साधारण १४० चौरस मीटर. आमच्याकडे वर्षाला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. म्हणजे नुसत्या छपरावर चार लाख वीस हजार लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे बेचाळीस टँकर! आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. सगळं साठवणं शक्य नाही. पण पन्हळी कुठे उतरवायच्या, टाकी कुठे पुरायची, उरलेलं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला कसं मुरवायचं, हे घर आखतानाच ठरतं. फरशा बसल्यावर पाइप घालायला पुन्हा त्या फोडाव्या लागतात. अंगणाच्या फरसबंदीखालून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवायला बागेच्या मुलाने सांगितलं होतं. तेव्हा कशाला ते मला कळलं नव्हतं. आज एकातून आगराला पाणी जातं आणि दुसऱ्यातून बाहेरच्या दिव्याची वायर.

माझे गुडघे हाही या आराखड्यातला एक मुद्दा होता बरं का. पावसामुळे जोतं दोन फूट उंच हवं होतं. पायऱ्या मला नकोत. उतरंड करायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे चोवीस फूट. घराच्या पुढे एवढी लांब उतरंड दवाखान्यासारखी दिसते. दोघांनी मिळून ती स्वयंपाकघराच्या दारातून वळवून फणसाच्या सावलीतून अळवापर्यंत नेली. आता ती उतरंड आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मी मात्र रोज सकाळी तिथूनच उतरते.

माझी नात आर्किटेक्चर शिकते आहे. तिने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी बांधलं ते लुटियन्स वीस वर्षांचे असताना, १८८९ साली, इंग्लंडमध्ये गर्ट्रूड जेकिल या बाईंना भेटले. बाई पंचेचाळीस वर्षांच्या, डोळ्यांनी फार अधू, पण बागेतल्या दर्दी. त्यांच्या मन्स्टेड वूडच्या जागेवर बाग आधी होती, घर नंतर, १८९६-९७ मध्ये लुटियन्सनी बांधलं. पुढे दोघांनी मिळून कितीतरी घरं आणि बागा केल्या. त्याच लुटियन्सनी दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बाग, २०२३ पासून जिला अमृत उद्यान म्हणतात ती, इमारतीबरोबरच आखली, आणि झाडांसाठी मस्टो नावाचे उद्यानतज्ज्ञ बरोबर होते. एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा झाडं जाणणारं कुणीतरी शेजारी लागलं. इंग्रजांचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. लॉन तर मुळीच नको. आपल्याकडे ते आठ महिने पाणी पितं आणि चार महिने कुजतं.

पैशांबद्दल थोडक्यात. आर्किटेक्टची फी खर्चाच्या टक्क्यात असते, चौरस फुटावर असते किंवा ठोक. टक्क्यात असेल तर खर्च वाढला की फी वाढते, एवढं ध्यानात ठेवून सही करावी. बागेच्या माणसाची आम्ही ठोक रक्कम ठरवली आणि जागेवर यायच्या फेऱ्या आधीच मोजून घेतल्या: आखणीला दोन, पायाच्या वेळी एक, पाइप पुरताना एक, लावणीला दोन. पायाच्या आणि पाइपच्या फेऱ्या सगळ्यांत महत्त्वाच्या, आणि लोक नेमक्या त्याच गाळतात. दोघांच्या करारात एकमेकांचं नाव घातलं. मतभेद झाले तर घराच्या आतलं आर्किटेक्टचं आणि झाडाच्या घेरातलं बागवाल्याचं ऐकायचं, असं आधीच ठरवलं. आणि दोघांचं काम एकाच नकाशावर. दोन वेगळे कागद आले की गवंडी एकच बघतो, आणि तो कोणता हे सांगायला नको.

आता कराडच्या भाच्याला. तुझी जमीन आमच्यासारखी नाही. तुझ्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि मोठं झाड भिंतीला खेटून असलं तर त्याची मुळं तिथलं पाणी ओढून ती आणखी आकसवतात. म्हणून तुझ्या घरात पायाचा इंजिनीअर आणि बागेचा माणूस यांचीच भेट आधी व्हायला हवी. त्यांना विचार, कुठलं झाड भिंतीपासून किती लांब. पश्चिमेला तू मोठी काचेची खिडकी काढली आहेस असं तुझी आई सांगत होती. एप्रिलमध्ये दुपारी त्या खोलीत बसून दाखव. तिथे पानगळीचं झाड योग्य अंतरावर लावायचं असेल तर त्याची जागा आज ठरव, कारण आत्ता तुझी पाण्याची टाकी नेमकी त्याच जागी आहे.

आणि एक. आम्ही हद्दीकडेची झाडं घर बांधायच्या आधीच, त्याच पावसाळ्यात लावून टाकली. आंबा, दोन जांभळं, गडग्याकडेला करवंदी, आणि माड आगरात, पंचवीस-पंचवीस फुटांवर. पाया दिवाळीनंतर खणला. घराला दीड वर्ष लागलं, तोवर झाडांना दुसरा पावसाळाही मिळाला. वास्तुशांतीला आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "नवं घर वाटतच नाही गं." तू नकाशा पास व्हायची वाट बघतोयस ना? झाडांना नगरपालिकेचा नकाशा लागत नाही. फक्त कुठे खणायचं नाही ते ठरलेलं लागतं.

आमचा नकाशा कुणाला बघायचा असेल तर तो स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला आहे. फोटो काढून पाठवायला सांगू नका, माझ्या मोबाईलमध्ये तो निम्मा कापला जातो. मे महिन्यात या. फणस तेव्हा पिकलेले असतात, आणि वानरांनी ठेवले तर दोन कापे तुमच्यासाठी राखून ठेवते.